एनसीच्या पावतीपासून निकालपत्रापर्यंत: फौजदारी प्रक्रिया कशी अभ्यासावी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं भारतीय दंड संहितेच्या कलमांचे तीन आकडे एका दमात उच्चारले जायचे: ३२३, ५०४, ५०६. मारहाण, शिवीगाळ, धमकी. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत त्यांचे ११५(२), ३५२ आणि ३५१(२) झाले. आकडे बदलले, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर घडतं ते तेच. डोक्याला रुमाल बांधून आलेला माणूस हकिकत सांगतो, अंमलदार ती अदखलपात्र (इंग्रजीत नॉन-कॉग्निझेबल, म्हणजेच एनसी) म्हणून नोंदवतो, एनसीची पावती देतो आणि म्हणतो, "कोर्टात दाद मागा." तेवढ्यात बरंच काही ठरून जातं. तपास होणार की नाही, जबाब ताजे असताना घेतले जाणार की नाही, रक्ताचे कपडे जप्त होणार की धुतले जाणार. न्यायाधीशाच्या कानावर तर अजून काही गेलेलंही नसतं.

फौजदारी प्रक्रियेचा पेपर अभ्यासताना विद्यार्थ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं. खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक ते हिरिरीने वाचतात आणि प्रक्रिया परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात कलमांची यादी म्हणून पाठ करतात. मी विद्यार्थी असताना तसंच केलं होतं आणि गुणही चांगले मिळाले होते. मग सीनियरबरोबर पहिल्यांदा रिमांडला, म्हणजे अटक झालेल्याला कोठडी द्यायची का हे ठरतं त्या सुनावणीला, उभी राहिले. चार मिनिटांत एका मुलाला तीन दिवसांची पोलीस कोठडी झाली, आणि त्या चार मिनिटांत न्यायदंडाधिकाऱ्यांनी कोणते प्रश्न स्वतःला विचारायला हवे होते, हे मला सांगता आलं नाही. रिमांडचं जुनं कलम १६७ तोंडपाठ होतं तरीही.

तेव्हापासून मी हा विषय एकाच पद्धतीने शिकवते. एक फाईल घ्यायची आणि तिच्यामागून फिर्यादीपासून निकालापर्यंत चालायचं. प्रत्येक टप्प्यावर चार प्रश्न विचारायचे: इथे कोण ठरवतं? कशावरून ठरवतं? किती दिवसांत? आणि चुकलं तर पुढे काय? या चार प्रश्नांची उत्तरं म्हणजेच कलमं.

टेबलावर काय हवं

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ची मूळ प्रत घ्या, शक्यतो मराठी-इंग्रजी द्विभाषी. गाईड नको, निदान पहिले दोन महिने तरी नको. संहितेत ५३१ कलमं आणि २ अनुसूची आहेत. सोबत भारतीय न्याय संहिता, भारतीय साक्ष अधिनियम आणि राज्यघटनेचे अनुच्छेद २०, २१, २२ एका पानावर लिहून घ्या. अनुच्छेद २२(२) मधले २४ तास आणि संहितेच्या कलम ५८ मधले २४ तास एकाच पानावर दिसले, की हे कलम कुठून आलं ते वेगळं समजावावं लागत नाही.

सुरुवात पहिल्या कलमापासून करू नका, पहिल्या अनुसूचीपासून करा. कोणता गुन्हा दखलपात्र, कोणता जामीनपात्र आणि कोणत्या न्यायालयात चालणार, हे त्या तक्त्यात आहे. रोज पाच गुन्हे उचला. आधी स्वतःच्या मनाने तिन्ही रकाने भरा, मग तक्ता उघडून ताडून पाहा. शिक्षा किती आहे यावरून अंदाज बांधायची सवय लागते, आणि अंदाज चुकला की ते कलम पुन्हा विसरत नाही. तक्त्याच्या दुसऱ्या भागात इतर कायद्यांखालच्या गुन्ह्यांचा साधा नियम आहे: ३ वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल तर अदखलपात्र आणि जामीनपात्र, ३ वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर दखलपात्र आणि अजामीनपात्र. तो मात्र पाठच करा.

जुन्या-नव्या कलमांचं कोष्टक बाजारात तयार मिळतं. तरी पन्नास-साठ महत्त्वाच्या कलमांचं कोष्टक स्वतःच्या हाताने बनवा. कलम ५३१ नुसार १ जुलै २०२४ ला प्रलंबित असलेली प्रकरणं १९७३ च्या जुन्या संहितेनेच पुढे चालतात, त्यामुळे तुम्ही वकिलीत उतराल तेव्हाही दोन्ही आकडे कानावर पडत राहतील. शिवाय सगळे जुने निवाडे जुन्या कलमांवर आहेत. ४३८ म्हणजे आता ४८२ आणि ४८२ म्हणजे आता ५२८, हा गोंधळ तर पहिल्याच आठवड्यात होतो. जुन्या ४८२ खाली उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार होते, नव्या ४८२ खाली अटकपूर्व जामीन आहे. निवाडा वाचताना तारीख आधी पाहा, कलम नंतर.

आपली फाईल

ही फाईल कल्पित आहे, पण अशी प्रकरणं ज्याने तालुक्याचं न्यायालय पाहिलंय त्याला नवी नाहीत. शेताच्या बांधावरून दोन चुलत भावांत भांडण होतं. संध्याकाळी थोरला जखमी अवस्थेत ठाण्यात येतो आणि सांगतो की धाकट्याने फावड्याच्या दांड्याने डोक्यात मारलं. एनसी नोंदली जाते. रात्री त्याला उलट्या होतात, जिल्हा रुग्णालयात सीटी स्कॅन होतो, कवटीला फ्रॅक्चर निघतं. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात त्याचा जबाब घेतला जातो. आता तो सांगतो की धाकट्याबरोबर त्याचा मुलगा आणि मेहुणाही होते, मुलाने धरलं आणि मेहुण्याने "जिवंत सोडू नका" म्हटलं. न्याय संहितेखाली गुन्हा दाखल होतो: घातक हत्याराने गंभीर दुखापतीसाठी ११८(२), खुनाच्या प्रयत्नासाठी १०९, सामाईक इराद्यासाठी ३(५).

एनसीची पावती फाईलच्या तळाशी ठेवा. ती नंतर लागेल.

आता पहिला टप्पा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४ सांगतं की अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पण त्याच कलमात असंही आहे की अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र समजायचं. मग प्रश्न पडतो: पहिल्या संध्याकाळी डोक्यातून रक्त वाहत असताना, दांड्यासारखं हत्यार वापरलं असं सांगितलेलं असताना, ही एनसी होती का? इथे ललिता कुमारी हा निवाडा वाचा. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की माहितीतून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. मग कलम १७३(३) उघडा. ३ वर्षं ते ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. ललिता कुमारीने ठेवलेला अपवाद आणि नव्या कायद्याने दिलेली मुभा यांची रुंदी सारखी आहे का, यावर एक पान लिहून काढा. तेवढ्याने तुम्हाला निवाडा वाचता येतो की नाही ते कळेल.

फिर्याद घेतलीच नाही तर? १७३(४) नुसार आधी पोलीस अधीक्षक, मग दंडाधिकारी. आणि १७५(३) खाली दंडाधिकारी शपथपत्रासह अर्ज पाहून, पोलिसांचं म्हणणं विचारात घेऊन तपासाचा आदेश देऊ शकतो. पायऱ्यांचा हा क्रम चुकला की अर्ज फेटाळला जातो, आणि पक्षकाराला वाटतं न्यायालयाने त्याचं ऐकलंच नाही.

अटक आणि रिमांड: इथे थांबून वाचा

या विषयाला अभ्यासाचे शंभर तास देणार असाल तर त्यातले वीस इथे द्या. बाकीच्या बहुतेक चुका वरच्या न्यायालयात दुरुस्त होतात. कोठडीत गेलेले दिवस कोणी परत देत नाही.

कलम ३५ नीट फोडून वाचा. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करण्यासाठी पोलिसांना कारणं लिहावी लागतात, आणि अटक गरजेची नसेल तर ३५(३) ची नोटीस द्यावी लागते. ही शिस्त २०१४ च्या अर्नेश कुमार निवाड्याने पक्की केली, २०२२ च्या सतेंदर कुमार अंतिल निवाड्याने ती जामिनाशी जोडली. आपल्या फाईलमध्ये १०९ आहे आणि दुखापतही झालेली आहे, म्हणजे शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे नोटिशीचा मार्ग इथे लागू नाही. पण मेहुण्याविरुद्ध फक्त चिथावणीचं एक वाक्य आहे. त्याला अटक गरजेची आहे का? कायदा पोलिसांना अटकेचा अधिकार देतो. अधिकार असणं आणि अटक गरजेची असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अर्नेश कुमारचा गाभा हाच आहे.

अटकेची कारणं कळवण्याबद्दल कलम ४७ आहे आणि त्याच्या मागे अनुच्छेद २२(१). पंकज बन्सल (२०२३), प्रबीर पुरकायस्थ (२०२४) आणि विहान कुमार (२०२५) हे तीन निवाडे याच क्रमाने वाचा. "अटकेची कारणं" (reasons) आणि "अटकेचा आधार" (grounds) यांत न्यायालय काय भेद करतं, तो स्वतःच्या शब्दांत लिहा. नुसतं "गुन्ह्याच्या तपासकामी अटक" एवढं छापील वाक्य का पुरत नाही, ते मग कळतं.

आता कलम १८७. अटक १ जूनला झाली आणि २ जूनला आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं असं धरा. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपलीकडे नाही. जुन्या कायद्यात अनुपम कुलकर्णी (१९९२) या निवाड्यानुसार ती पहिल्या १५ दिवसांतच मागता येत असे. नव्या कलमात ती पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. याचा व्यवहारातला परिणाम पाहा. न्यायालयीन कोठडीत गेलेला, जामिनाचा अर्ज केलेला माणूस पाचव्या आठवड्यात पुन्हा पोलिसांच्या ताब्यात जाऊ शकतो. तपासाच्या बाजूने याला कारण आहे: आरोपी रुग्णालयात दाखल झाला की जुन्या नियमात १५ दिवस तसेच निघून जायचे. आरोपीच्या बाजूने धोका आहे. दोन्ही बाजू मांडता आल्या पाहिजेत, पण मला स्वतःला विचाराल तर दुसऱ्यांदा कोठडी मागताना दंडाधिकाऱ्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कठोर प्रश्न विचारले पाहिजेत.

त्यानंतर कसुरी जामीन, ज्याला वकील "डिफॉल्ट बेल" म्हणतात: मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही म्हणून मिळणारा. मुदत ६० दिवस की ९० दिवस हे शिक्षेवर ठरतं. आणि मोजायचं कुठून? सक्तवसुली संचालनालय विरुद्ध कपिल वाधवान (२०२३) या तीन न्यायमूर्तींच्या निवाड्यानुसार रिमांडचा दिवस धरून. कॅलेंडर घ्या. २ जून हा पहिला दिवस, तर ३१ जुलै हा ६० वा आणि ३० ऑगस्ट हा ९० वा. आपल्या फाईलमध्ये १०९ असल्यामुळे ९० दिवस. म्हणजे ३० ऑगस्टपर्यंत दोषारोपपत्र आलं नाही तर ३१ ऑगस्टला हक्क निर्माण होतो. पण नुसता हक्क निर्माण होऊन भागत नाही. अर्ज करून जामीन द्यायची तयारी दाखवावी लागते, आणि त्यानंतर तासाभराने दोषारोपपत्र आलं तरी तो हक्क जात नाही. उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००१) हा निवाडा त्यासाठी वाचा. अशा दहा काल्पनिक तारखा घेऊन दहा वेळा मोजा. फेब्रुवारी येईल अशा घ्या, सुट्टी येईल अशा घ्या.

जुन्या कलमात "१० वर्षांपेक्षा कमी नाही" असे शब्द होते आणि राकेश कुमार पॉल (२०१७) निवाड्यात त्यांचा अर्थ किमान शिक्षेशी जोडला गेला. नव्या कलमात "१० वर्षं किंवा अधिक" असे शब्द आहेत. या बदलाने अर्थ बदलतो का? दोन गट करा आणि वर्गात वाद घाला. या विषयात यापेक्षा चांगला वादाचा प्रश्न मला तरी माहीत नाही.

तपासाचे कागद

तपासातला प्रत्येक कागद कोणत्या कलमातून जन्मला आणि न्यायालयात त्याचं काय होतं, अशा दोन बाजू एका वहीत लिहा. घटनास्थळाचा पंचनामा, जप्ती पंचनामा (कलम १०५ नुसार आता त्याचं चित्रीकरण हवं), साक्षीदारांचे १८० खालचे जबाब, दंडाधिकाऱ्यासमोरचा १८३ चा जबाब, इंज्युरी सर्टिफिकेट, केस डायरी. ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायची तरतूद कलम १७६(३) मध्ये आहे; राज्याराज्यांना ती टप्प्याटप्प्याने लागू करायला ५ वर्षांपर्यंतची मुदत आहे.

आरोपीने "दांडा गोठ्यात लपवलाय, काढून देतो" असं सांगितलं आणि पंचांसमोर दांडा निघाला, तर निवेदन पंचनामा होतो. इथे प्रक्रियेचा धागा साक्षीच्या कायद्याला जोडा: साक्ष अधिनियमाचं कलम २३, जे पूर्वी २५, २६ आणि २७ अशा तीन कलमांत विभागलेलं होतं. त्या निवेदनातला नेमका कोणता शब्द ग्राह्य आणि कोणता नाही, ते पेन्सिलीने अधोरेखित करा. "मी मारलेला दांडा गोठ्यात लपवलाय" यातलं "मी मारलेला" गळतं, "गोठ्यात लपवलाय" राहतं.

तपास संपला की कलम १९३ चा अहवाल. महाराष्ट्रात गुन्हा बंद करायचा असेल तर ए, बी आणि सी समरी हे शब्द कानावर पडतील: गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही तो ए, फिर्याद खोटी तो बी, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून झालेली फिर्याद तो सी. संहितेत हे शब्द नाहीत, पोलिसांच्या कामकाजातून आलेत. दंडाधिकाऱ्याला समरी मान्य करणं बंधनकारक नाही. तो फिर्यादीला नोटीस काढतो, पुढचा तपास सांगू शकतो, किंवा कागदांवरून थेट दखल घेऊ शकतो.

दखल, सुपूर्दगी आणि दोषारोप

तपास पोलिसांचा, दखल (म्हणजे प्रकरण चालवायला घेणं) न्यायालयाची. कलम २१० पासून न्यायनिर्णयाचा भाग सुरू होतो आणि इथून पुढे "कशावरून ठरवतं" हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पुराव्याचं वजन पायरीपायरीने वाढत जातं. ही पायरी लक्षात न घेता लिहिलेलं उत्तर किंवा केलेला युक्तिवाद भरकटतो.

१०९ सत्र न्यायालयात चालतो, म्हणून दंडाधिकारी कलम २३० नुसार १४ दिवसांत नकला देऊन कलम २३२ खाली प्रकरण सत्र न्यायालयाकडे सुपूर्द करेल, साधारण ९० दिवसांत. यावर फार वेळ घालवू नका.

दोषमुक्ती आणि दोषारोप मात्र सावकाश वाचा. कलम २५० म्हणतं, पुढे कार्यवाही करायला पुरेसं कारण नसेल तर आरोपीला दोषमुक्त करा. कलम २५१ म्हणतं, आरोपीने गुन्हा केला असं गृहीत धरायला जागा असेल तर दोषारोप ठेवा. दंडाधिकाऱ्यासमोरच्या वॉरंट खटल्यात कलम २६२ चा शब्द आहे "निराधार". खाजगी तक्रारीवरच्या वॉरंट खटल्यात तर दोषारोपाआधीच पुरावा घेतला जातो. आणि समन्स खटल्यात रीतसर दोषारोपच नसतो, आरोपीला गुन्ह्याचा तपशील सांगून विचारलं जातं. हे चार नमुने शेजारी शेजारी लिहून काढा आणि कोणता खटला कोणत्या रकान्यात जातो ते २ वर्षांच्या रेषेवरून ठरवा: फाशी, जन्मठेप किंवा २ वर्षांहून जास्त कैद असेल तर वॉरंट खटला.

कसोटीसाठी भारत सरकार विरुद्ध प्रफुल्ल कुमार सामल (१९७९) पुरेसा आहे. न्यायाधीश पोस्टमनही नाही आणि अंतिम निकालही देत नाही. कागद चाळून बळकट संशय आहे का एवढं पाहतो. आता मेहुण्यासाठी दोषमुक्तीचा अर्ज लिहा. सुपूर्दगीपासून ६० दिवसांत तो करावा लागतो. युक्तिवाद काय? एनसीत त्याचं नावच नाही. सरकारी वकील म्हणतील, जखमीच्या दुसऱ्या जबाबात आहे आणि या टप्प्यावर साक्षीदाराची विश्वासार्हता तपासता येत नाही. बहुधा सरकारी वकिलांचं म्हणणं टिकेल. का टिकेल, ते कळलं की दोषमुक्ती आणि निर्दोष मुक्तता हे शब्द तुम्ही पुन्हा कधी एकमेकांच्या जागी वापरणार नाही.

दोषारोपाचा मसुदाही स्वतः लिहा. तारीख, वेळ, जागा, कोणी, कोणाला, कशाने, कोणत्या इराद्याने. मग अशी कल्पना करा की हा कागद आरोपीला वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" त्याला नेमकं कशाला उत्तर द्यायचंय ते कळलं का? दोषारोपाचं सगळं प्रकरण याच एका प्रश्नासाठी आहे.

खटला

सरतपासणी, उलटतपासणी, फेरतपासणी. फिर्यादी साक्षीला उभा आहे आणि तळाशी ठेवलेली एनसीची पावती आता वर काढायची. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबाचा वापर कलम १८१ ने बांधलेला आहे: मुख्यतः विसंगती दाखवण्यापुरता. एनसी मात्र तपासातला जबाब नाही, तपास तेव्हा सुरूच नव्हता. ते फिर्यादीचं लेखी उतरवलेलं पहिलं कथन आहे आणि साक्ष अधिनियमाच्या कलम १४८ खाली ते त्याच्यासमोर ठेवता येतं. बचावाचे वकील विचारतील, "एनसी नोंदवताना मुलाचं आणि मेहुण्याचं नाव सांगितलं होतं का?" तो म्हणेल, "सांगितलं होतं, त्यांनी लिहिलं नाही." मग ज्याने एनसी लिहिली त्या अंमलदाराला साक्षीला बोलावून ते सिद्ध करावं लागेल. विसंगती दाखवणं आणि सिद्ध करणं या दोन वेगळ्या कृती आहेत. बरेच नवे वकील पहिली करून थांबतात आणि युक्तिवादाच्या दिवशी त्यांच्या लक्षात येतं.

हा भाग पुस्तकातून येत नाही. वर्गात तिघं मिळून करा: एक साक्षीदार, एक सरकारी वकील, एक बचाव. चौथा न्यायाधीश म्हणून बसला आणि साक्ष हाताने उतरवली तर आणखी चांगलं. प्रश्न-उत्तराचं कथनात रूपांतर करताना काय सुटतं ते त्याच्या बोटांना कळतं.

सरकारी पुरावा संपला की कलम ३५१, ज्याला अजून सगळे "३१३ चा जबाब" म्हणतात. आरोपीविरुद्ध आलेली प्रत्येक गोष्ट त्याला सांगून त्याचं म्हणणं विचारायचं, शपथ न देता. जो मुद्दा इथे विचारला नाही तो त्याच्याविरुद्ध सहसा वापरता येत नाही. म्हणून साक्षींची टिपणं काढून न्यायाधीशाने विचारायचे प्रश्न स्वतः तयार करा. इतका उपयोगी आणि इतका कमी केला जाणारा दुसरा सराव नाही.

न्यायालयात जाऊन बसा

भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले प्रत्यक्ष पाहून त्यांची नोंद ठेवणं अभ्यासक्रमातच आहे, आणि त्याला ३० गुण आहेत. मित्राची वही उतरवून हे गुण मिळतात, हे मला माहीत आहे. तसं करू नका. तीन वर्षांत पुन्हा अशी संधी येत नाही, कारण नंतर तुम्ही न्यायालयात असाल तेव्हा तुमच्या डोक्यात तुमचीच तारीख असेल.

काय पाहायचं? सकाळी लवकर जाऊन दाराबाहेरचा बोर्ड वाचा. एकच सत्र खटला निवडा, त्याचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सवर टाकून पुढची तारीख पाहा आणि त्या खटल्याच्या किमान चार तारखांना जा. एक दिवस साक्ष होईल, एक दिवस साक्षीदार येणार नाही, एक दिवस सरकारी वकील दुसऱ्या न्यायालयात असतील. कलम ३४६ मधली रोजच्या रोज सुनावणीची अपेक्षा आणि तुम्ही पाहिलेल्या चार तारखा यांची तुलना वहीत करा. दोष कुणाला देण्याची घाई नको. प्रत्येक तहकुबीचं कारण रोजनाम्यात काय लिहिलं गेलं ते पाहा. दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात रिमांडच्या वेळी एक दुपार मुद्दाम बसा. आरोपी आला की आधी त्याच्याकडे पाहा, वकिलांकडे नंतर. त्याला मारहाणीबद्दल विचारलं गेलं का, वकील आहे का विचारलं गेलं का, आणि त्याला जे विचारलं ते त्याला कळलं का, हे लिहून ठेवा.

निवाडे वाचतानाही हीच सवय चालते. पहिली ओळ लिहायची ती टप्प्याची: हा निवाडा एफआयआर रद्द करण्याच्या अर्जावर आहे, जामिनावर, दोषमुक्तीवर की अपिलावर? जामिनाच्या आदेशातलं पुराव्याबद्दलचं वाक्य उचलून अपिलाच्या उत्तरात टाकलेलं मी दर वर्षी उत्तरपत्रिकांत पाहते, आणि तिथेच गुण जातात.

शेवटचा सराव: निकालपत्र

परीक्षेच्या महिनाभर आधी आपल्या फाईलचं निकालपत्र लिहायला बसा. कलम ३९३ सांगतं की निकालात ठरवायचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि निर्णयाची कारणं असली पाहिजेत. आपल्याकडे कारणांना एवढं महत्त्व का, हे समजायला नानावटी खटला आठवा. १९५९ च्या मुंबईतल्या गोळीबारानंतर ज्यूरीने ८ विरुद्ध १ अशा मतांनी "दोषी नाही" म्हटलं. ज्यूरीला कारण द्यावं लागत नव्हतं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे दोषसिद्धी झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. १९७३ च्या संहितेत ज्यूरी उरली नाही. तेव्हापासून सत्र खटल्यातला आपला प्रत्येक निकाल एका माणसाने लिहिलेल्या कारणांवर उभा आहे, आणि अपिलात तपासली जातात ती हीच कारणं.

महाराष्ट्रातल्या निकालपत्रांत मुद्दे आणि निष्कर्ष असे दोन रकाने असतात, ते आखा. धाकट्याने मारलं हे सिद्ध झालं का? जीव घेण्याचा इरादा होता का, की एकच घाव, हातात आलेल्या अवजाराने, म्हणून ११८(२)? मुलगा आणि मेहुणा तिथे होते का? प्रत्येक मुद्द्यासमोर "होय" किंवा "नाही" लिहा आणि खाली कारणमीमांसा. तिसरा मुद्दा सगळ्यात जड जाईल. जखमी माणूस, डोक्यातून रक्त, पहिल्या संध्याकाळी त्याने दोन नावं सांगितली नाहीत. तो भोवळ येत असल्यामुळे विसरला, अंमलदाराने लिहून घेतलं नाही, की रात्रभरात नातेवाइकांनी ती घातली? तिन्ही शक्यता खऱ्या आहेत, आणि कुठली निवडली ते तुम्हाला पुराव्यातल्या ओळीकडे बोट दाखवून सांगावं लागेल.

लिहून झालं की ते निकालपत्र मैत्रिणीला द्या आणि तिचं तुम्ही घ्या. आठवड्याभरात दोघींनी एकमेकींच्या निकालाविरुद्ध कलम ४१५ खालचा किंवा पीडिताच्या बाजूने कलम ४१३ खालचा अपिलाचा मसुदा लिहायचा. तिच्या मसुद्यातला पहिला आक्षेप बहुतेक त्या एनसीच्या पावतीबद्दलच असेल. तुमच्या निकालपत्रातला तो परिच्छेद उघडा आणि उत्तर त्यात आहे का ते पाहा.